उभ्या गाडीचे काम: नागपुरातील एका गस्तगाडीचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण नागपूर शहरात गस्तीसाठी वापरल्या जाणाऱ्या एका सात आसनी डिझेल गाडीचे आहे. गाडी कोणत्या पथकाची, कोणत्या कंपनीची आणि तिच्यावरची उपकरणे कोणी बसवली, हे येथे मुद्दाम दिलेले नाही. कारण अशा गाड्या अनेक ठिकाणी आहेत आणि जे घडले ते त्यांपैकी कोणत्याही गाडीच्या बाबतीत घडू शकते. गाडी धुराच्या बीएस-6 मानकाची, लॅडर फ्रेमच्या चासीची, मागे कमानी पाटे असलेली आणि दीड वर्ष जुनी होती. तिचा अल्टरनेटर, ज्याला आपल्याकडचे मेकॅनिक आजही डायनॅमोच म्हणतात, 90 अँपिअरचा आणि बॅटरी 75 अँपिअर-तासांची होती. शोरूममधून कोणत्याही कुटुंबाला मिळाली असती तीच ही गाडी. पोलिसांसाठी म्हणून तिच्या इंजिनात, ब्रेकमध्ये, पाट्यांमध्ये किंवा विजेच्या यंत्रणेत कारखान्यात काहीही वेगळे केलेले नव्हते.

जो फरक पडला तो नंतर पडला. ताब्यात आल्यावर गाडीवर लाईट बार, सायरनचा अँप्लिफायर, वायरलेस सेट, 112 क्रमांकावरचे कॉल दाखवणारा टॅबलेट, जीपीएस आणि एक शोधदिवा बसवण्यात आला. यातली बरीचशी उपकरणे नवी होती. लाईट बार मात्र मोडीत निघालेल्या एका जुन्या गाडीवरून काढून बसवलेला, फिरत्या आरशांचा आणि हॅलोजन बल्बचा होता. काटकसर म्हणून त्या वेळी ते योग्यच वाटले असणार.

गाडीची नेमणूक शहराच्या एका सीमेवरील नाक्यावर होती. दर पाळीत ठरावीक फेऱ्या व्हायच्या, अधूनमधून कॉल यायचे, आणि उरलेला सारा वेळ गाडी नाक्यावर उभी असायची. एप्रिल-मेमध्ये नागपुरात बंद गाडीत माणूस बसू शकत नाही. 23 मे 2013 रोजी या शहराचे तापमान 47.9 अंशांवर गेले होते, आणि 43-44 अंशांचे येथे कोणाला नवल वाटत नाही. त्यामुळे एसीसाठी आणि उपकरणांसाठी इंजिन तासन्तास जागेवर चालू राहायचे. थंडीतही यात फार फरक पडत नसे, कारण डिसेंबरमध्ये विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाचा बंदोबस्त लागला की हीच गाडी सिव्हिल लाइन्स परिसरात दिवसभर उभी असायची.

अडचण

दीड वर्षात गाडीला तिसरी बॅटरी लागली होती. पहिल्या दोन बॅटऱ्यांवर वॉरंटीचा दावा करण्यात आला. विक्रेत्याने त्या तपासून बॅटरीत उत्पादनदोष नाही, ती वारंवार पूर्ण रिकामी झाली आहे, असे लिहून परत पाठवल्या. त्यावरून चालकाचा निष्काळजीपणा, निकृष्ट बॅटरी आणि ‘डायनॅमो चार्ज देत नाही’ असे तीन तर्क कागदावर आले. डायनॅमो एकदा उतरवून बाहेर तपासून घेतला होता. तो बेंचवर व्यवस्थित चालला, म्हणून तो तसाच परत बसला.

एप्रिलमधल्या एका रात्री मात्र प्रकरण बॅटरीच्या खर्चापुरते राहिले नाही. डिझेल भरण्यासाठी गाडी बंद केली होती, तेवढ्यात कॉल आला आणि गाडी चालूच होईना. चालकाने नंतर सांगितले ते असे: “नवीन बॅटरी होती साहेब, तरी सेल्फच नाही घेऊन राहिली गाडी.” पंपावरच्या लोकांनी धक्का मारला. जुन्या जीपला अशा वेळी धक्का पुरायचा, कारण तिच्या डिझेल पंपाला विजेची गरज जवळपास नसायची. आजच्या कॉमन रेल इंजिनात इंजेक्टर उघडण्यासाठी आणि संगणकाला जागे राहण्यासाठीच पुरेसा व्होल्टेज लागतो, आणि बॅटरी पार बसलेली असेल तर कितीही ढकलले तरी इंजिन पेटत नाही. शेवटी एका ट्रकची बॅटरी जोडून गाडी सुरू झाली. कॉलवर तोपर्यंत दुसरी गाडी पाठवावी लागली होती.

या घटनेनंतर गाडी आमच्या कार्यशाळेकडे तपासणीसाठी आली. अपेक्षा अशी होती की आम्ही मोठी बॅटरी बसवून द्यावी.

मोजणी

पहिला निर्णय लहान वाटणारा, पण सर्वांत महत्त्वाचा ठरला: गाडी आमच्या सावलीत उभी करून न मोजता ती जशी कामावर असते तशी, म्हणजे इंजिन तापलेले, एसी पूर्ण, रात्रीचे दिवे चालू, अशा स्थितीत मोजायची. बेंचवर अल्टरनेटर ठीक दिसला याचे कारण बेंचवर तो जोरात आणि थंड फिरतो. गाडीत इंजिन मिनिटाला 800 फेऱ्यांवर असताना अल्टरनेटर पुलीच्या गुणोत्तरामुळे जेमतेम सव्वादोन हजार फेरे घेतो, आणि त्याच्यावरचा 90 अँपिअरचा आकडा त्याच्या कितीतरी वरच्या गतीचा असतो. तापलेल्या तांब्याचा रोध वाढतो, त्यामुळे गरम बॉनेटखाली उत्पन्न आणखी उतरते. दुपारी 42 अंश असताना आम्हाला आयडलिंगवर, म्हणजे इंजिन जागेवर चालू असताना, त्याच्याकडून साधारण 45 अँपिअर मिळाले. अल्टरनेटर निरोगी होता आणि तरीही अपुरा होता.

मागणीची बाजू तारेभोवती अडकवून प्रवाह मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरने एकेक उपकरण चालू करत मोजली. इंजिनाची स्वतःची गरज 9 अँपिअर, एसीचा क्लच आणि पूर्ण वेगाचा ब्लोअर मिळून 19, हेडलाइट व मागचे दिवे 12, जुना लाईट बार 10, टॅबलेट आणि जीपीएस 3, वायरलेस नुसता ऐकत असताना 1, मोबाइल चार्जर आणि आतला दिवा 3. बेरीज 57. म्हणजे रात्री नाक्यावर उभी असताना गाडी दर तासाला सुमारे 12 अँपिअर-तास बॅटरीतून उचलत होती. चार तासांत 48. पाऊणशेच्या बॅटरीतून एवढे गेल्यावर सेल्फ मारायला फार काही उरत नाही, आणि सायरन किंवा वायरलेसवरचे बोलणे तर या हिशेबात धरलेलेच नाही.

यावर आणखी एक गळती होती. टॅबलेट, जीपीएस आणि वायरलेस हे थेट बॅटरीवर जोडलेले होते, त्यामुळे चावी काढली तरी जवळपास 3 अँपिअर चालूच राहत. आठ तास गाडी बंद उभी राहिली तर 24 अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीचा एक तृतीयांश भाग, कोणी काही न करता संपत असे. शिशाची बॅटरी अर्धवट रिकाम्या अवस्थेत वारंवार राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेटचा कठीण थर बसतो आणि तिची साठवणूक कायमची घटते. त्यात उष्णता, बॅटरीचे तापमान दहा अंशांनी वाढले की तिचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते, हा बॅटरीवाल्यांचा जुना ठोकताळा नागपूरच्या उन्हाळ्यात रोज खरा होताना दिसतो.

तिसरी गोष्ट जोडण्यांची. बॅटरीच्या धन टोकावर मूळ जाड केबलच्या थिंबलवर (तारेच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कड्यावर) आणखी पाच लहान थिंबल एकावर एक रचून एकच नट आवळला होता. वरचा घट्ट, खालचा मुख्य थिंबल मात्र बोटाने हलत होता आणि त्याच्याभोवती हिरवट-पांढरी भुकटी जमली होती. लाईट बारची तार डॅशबोर्डखाली नुसती पिळून वर काळी टेप गुंडाळलेली, आणि त्या टेपचा डिंक उन्हाने वितळून तारेवरून ओघळलेला. अर्थिंगचे स्क्रू रंगवलेल्या पत्र्यावरच बसवले होते. एसी चालू आणि बाकी दिवे बंद, अशा बेताच्या भारावर अल्टरनेटरच्या टोकाशी 14.1 व्होल्ट होते; धन बाजूच्या जोडणीत 0.4 आणि अर्थच्या बाजूला 0.6 व्होल्ट वाया जाऊन बॅटरीपर्यंत 13.1 पोहोचत होते. एवढ्यावर बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. फ्यूज तर मुख्य तारेवर नव्हताच. आग लागली नाही हे सुदैव.

शेवटी स्कॅनर लावून इंजिनाचे एकूण तास पाहिले. ओडोमीटरवर 68 हजार किलोमीटर होते आणि इंजिन चालले होते 5,400 तास. सरासरी वेग ताशी साडेबारा किलोमीटर! शहरात फिरतानाचा खरा वेग 26 धरला तर प्रवासाचे तास सुमारे 2,600 होतात, आणि उरलेले 2,800 तास इंजिन जागेवर उभे राहून फिरले.

कारखान्यातून येणारी पोलीस गाडी

या टप्प्यावर संबंधित अधिकाऱ्यांनी विचारलेला प्रश्न रास्त होता: परदेशात पोलिसांच्या गाड्या वेगळ्याच बनतात म्हणतात, त्यांत नेमके वेगळे काय असते? सर्वसाधारण समज असा की त्यांचे इंजिन जोरकस असते. ते काही अंशी खरे आहे, पण इंजिनाच्या जोराने आपले कोडे सुटत नव्हते.

अमेरिकेत 2011 पर्यंत बनलेली फोर्ड क्राउन व्हिक्टोरिया पोलीस इंटरसेप्टर हे यातले सर्वांत बोलके उदाहरण. तिच्यात नागरी गाडीच्याच घराण्यातले 4.6 लिटरचे व्ही-8 इंजिन होते. फरक होता तो अवतीभवती: इंजिन ऑइलसाठी वेगळा कूलर, गिअरबॉक्स आणि पॉवर स्टिअरिंगच्या तेलासाठी कूलर, कडक स्प्रिंगा आणि शॉक अब्सॉर्बर, फुटपाथच्या कडेवरून चढवली तरी न वाकणाऱ्या चाकांच्या जाड पोलादी चकत्या, अचूकतेसाठी तपासलेला स्पीडोमीटर, आणि नंतरच्या वर्षांत 200 अँपिअरचा अल्टरनेटर. या यादीतले बहुतेक भाग वेग वाढवत नाहीत. ते उष्णता बाहेर काढतात, वजन पेलतात किंवा वीज देतात. मिशिगन राज्य पोलीस दरवर्षी नव्या पोलीस गाड्यांची चाचणी घेतात. तीत वेग आणि प्रवेगाबरोबरच ब्रेक तापल्यावर कसे लागतात आणि चालकाला आतली उपकरणे कशी हाताळता येतात, हेही पाहिले जाते.

फोर्डनेच आपल्या पोलीस गाड्यांच्या पुस्तिकेत दिलेला एक हिशेब आम्हाला फार उपयोगी पडला: इंजिन एक तास जागेवर चालले तर ते सुमारे 33 मैल, म्हणजे 53 किलोमीटर चालल्यासारखे धरावे. हा हिशेब त्यांच्या पेट्रोल इंजिनांच्या संदर्भातला आहे आणि तो आपल्या डिझेल गाडीला जसाच्या तसा लावणे योग्य नाही. तरीही 2,800 तासांना 53 ने गुणले तर 1 लाख 48 हजार किलोमीटर होतात, आणि ओडोमीटरवरच्या 68 हजारांत ते मिळवले की 2 लाख 16 हजार. त्याच्या निम्मे जरी खरे मानले तरी दीड वर्षाची ही गाडी कागदावर दिसते त्यापेक्षा बरीच म्हातारी होती.

2020 च्या फोर्ड पोलीस इंटरसेप्टर युटिलिटीत कंपनीने हायब्रिड यंत्रणा दिली, ती पाठलागासाठी नव्हे. गाडी उभी असताना लिथियम बॅटरीने दिवे आणि उपकरणे चालवावीत आणि इंजिनाने मधूनमधूनच चालू व्हावे, हा तिचा मुख्य लाभ सांगितला जातो. ब्रिटनमध्ये पोलीस गाड्यांना ‘रन लॉक’ नावाची सोय असते, जिच्यामुळे इंजिन चालू ठेवून चावी काढून नेता येते आणि कोणी गाडी पळवू पाहिली तर ती बंद पडते. दोन्हींतून एकच दिसते: पोलीस गाडीच्या कामाचा मोठा भाग उभे राहण्याचा आहे, आणि जिथे ती कारखान्यात बनते तिथे तिची रचना हे धरून होते. आपल्याकडे हा फरक घडवण्याचे काम फिटमेंट करणाऱ्याच्या, म्हणजे गाडीवर उपकरणे बसवणाऱ्याच्या हाती येते, आणि त्याला काम मिळते ते दिवे-भोंगे बसवण्याचे. विजेचा ताळेबंद जुळवण्याचे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

पर्याय

सर्वांत सोपा पर्याय मोठी बॅटरी हा होता, आणि मागणीही तीच होती. तो आम्ही नाकारला. नळाला पाणी थेंबथेंब येत असताना कूलरची टाकी मोठी करून काही साधत नाही. 100 अँपिअर-तासांची बॅटरी चार तासांऐवजी सहा तास टिकली असती आणि मग रिकामी होऊन तशीच खराब झाली असती, फक्त अधिक किमतीला.

दुसरा पर्याय नाक्यावर इंजिन बंद ठेवण्याचा. डिझेल वाचले असते आणि इंजिनाची झीजही. परंतु मे महिन्यात चार कर्मचाऱ्यांना डांबरावर तापलेल्या पत्र्याच्या पेटीत बसा असे सांगणे हा पर्याय कागदावरच राहतो, आणि जो नियम पाळला जाणार नाही हे आधीच ठाऊक आहे तो काढण्यात अर्थ नाही. थंडीत, एसीची गरज नसताना, दर तासातून काही वेळ इंजिन बंद ठेवण्याची सूचना मात्र स्वीकारण्यात आली.

तिसरा पर्याय जास्त क्षमतेचा अल्टरनेटर. यावर सर्वाधिक चर्चा झाली. त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलचा 130 अँपिअरचा अल्टरनेटर ब्रॅकेट बदलून बसला असता. अडचणी तीन होत्या. एक, गाडी अजून वॉरंटीत होती. दोन, वाढीव भाराने बेल्ट घसरू नये म्हणून पुली आणि टेन्शनर दोन्ही पाहावे लागणार होते. तीन, आणि हीच खरी मेख, मोठ्या आकड्याचा अल्टरनेटर आयडलिंगवर जास्त वीज देईलच असे नाही. काही मोठे अल्टरनेटर वरच्या गतीला पुष्कळ आणि खालच्या गतीला लहानाइतकेच देतात. आम्हाला त्या भागाचा खालच्या गतीचा आलेख हवा होता आणि पुरवठादाराकडून तो मिळाला नाही. आलेखाशिवाय भाग घ्यायचा नाही, असे ठरले.

चौथा पर्याय आयडलची गती वाढवण्याचा. अल्टरनेटरला जास्त फेरे मिळतात, पण डिझेलही जास्त जळते, आणि संगणक-नियंत्रित इंजिनात हा बदल अधिकृत सेवा केंद्रानेच करायला हवा. पाचवा, मागणीच कमी करण्याचा. सहावा, उपकरणांसाठी वेगळी बॅटरी देऊन सेल्फची बॅटरी राखून ठेवण्याचा.

निर्णय आणि कार्यवाही

नवतपा, म्हणजे मेअखेरचे सर्वांत तापणारे नऊ दिवस, सुरू होण्याआधी, म्हणजे 25 मेच्या आत, गाडी कामावर हवी होती आणि बदली गाडी चार दिवसांपुरतीच मिळणार होती. त्यामुळे पाचवा आणि सहावा पर्याय एकत्र घ्यायचा, अल्टरनेटर मूळचाच ठेवायचा आणि आयडलचा बदल निकाल पाहून ठरवायचा, असा निर्णय झाला.

कामाच्या क्रमाला येथे महत्त्व होते. दुसरी बॅटरी जोडणारा रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, व्होल्टेज पाहून काम करतो: मुख्य बॅटरीवर 13.3 व्होल्ट दिसले की तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो आणि 12.8 च्या खाली गेले की वेगळ्या करतो. बॅटरीपर्यंत 13.1 च पोहोचत असताना हा रिले बसवला असता तर तो नाक्यावर कधी जोडलाच गेला नसता, आणि दुसरी बॅटरी उपाशी राहून पहिलीच्या आधी मेली असती. म्हणून आधी जोडण्या. धन टोकावरचे पाच थिंबल काढून एका फ्यूजबॉक्सवर नेले, मुख्य केबलला नवा थिंबल दाबून बसवला, इंजिन ते चासी आणि चासी ते बॉडी असे दोन नवे अर्थचे पट्टे रंग खरवडून लावले. त्याच बेताच्या भारावर बॅटरीशी आता 13.8 व्होल्ट मिळू लागले. जोडण्यांचा सारा मिळून खर्च एका बॅटरीच्या किमतीपेक्षाही कमी आला.

जुना लाईट बार काढून एलईडीचा बसवला, त्याने 10 चे 4 अँपिअर झाले. नाक्यावर उभे असताना हेडलाइट बंद आणि फक्त पार्किंग दिवे, एवढी सवय चालकांना लावायची होती. त्यातून आणखी 9 वाचणार होते. हेडलाइटमध्ये बाजारातले एलईडी बल्ब टाकावेत अशी एक सूचना आली होती. हॅलोजनसाठी घडवलेल्या परावर्तकात ते समोरच्याच्या डोळ्यांवर येतात, म्हणून ती मान्य केली नाही. मागणी 57 वरून 42 वर आली.

दुसरी बॅटरी सीलबंद, एजीएम प्रकारची घेतली आणि मधल्या सीटखाली बसवली. बॉनेटखाली जागा होती, परंतु तिथली उष्णता या बॅटरीला सोसत नाही. आणि साधी पाण्याची बॅटरी प्रवाशांच्या कक्षात ठेवता येत नाही, कारण चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन आणि आम्लाची वाफ निघते. सर्व पोलिसी उपकरणे या बॅटरीवर घेऊन तिच्यावर एक कटऑफ लावला, जो व्होल्टेज फार उतरला की उपकरणे तोडतो.

इंजिनासाठी दोन गोष्टी ठरल्या. ऑइल दर 10 हजार किलोमीटरला बदलले जात होते, जे या गाडीच्या सरासरी वेगाने सुमारे 800 तास होतात. ते 5 हजार किलोमीटर किंवा 400 तास, यांपैकी जे आधी येईल त्यावर आणले. दुसरी गोष्ट डीपीएफची. धुरातली काजळी अडवणारी ही जाळी स्वतःला साफ करते ती काजळी जाळून, आणि त्यासाठी धुराचे तापमान साडेपाचशे-सहाशे अंशांपर्यंत जावे लागते. आयडलिंगवर ते त्याच्या जवळपासही जात नाही. ही जाळी तुंबल्याचा इशारा देणारा डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा कित्येक आठवडे लागून होता आणि तो लाईट बारच्या वायरिंगमुळे लागतो अशी सर्वांची खात्री झालेली होती. आठवड्यातून एकदा आउटर रिंग रोडवर वीस-पंचवीस मिनिटे एकसारख्या वेगाने गाडी चालवायची, अशी नोंद लॉगबुकात घातली. मागच्या पाट्यांत एक पाटा वाढवावा ही सूचनाही होती. पाटे मोजले, बसलेले नव्हते, विषय तिथेच संपला.

परिणाम

गाडी चालू न होण्याचा प्रकार त्यानंतर घडला नाही. परंतु नवतप्याच्या चौथ्या-पाचव्या रात्री वेगळीच तक्रार आली: टॅबलेट मध्येच बंद पडतो. कारण सरळ होते. एवढ्या उष्णतेत अल्टरनेटर 45 ऐवजी 40 च्या आसपास देत होता आणि मागणी 42 होती. शिवाय हेडलाइट बंद ठेवण्याची सवय सगळ्या पाळ्यांत सारखी लागली नव्हती. दुसरी बॅटरी हळूहळू उतरत गेली आणि कटऑफने, त्याला सांगितले होते तेच करत, उपकरणे तोडली. तांत्रिकदृष्ट्या यंत्रणेने सेल्फची बॅटरी वाचवली होती. पथकाच्या दृष्टीने मात्र गाडी नियंत्रण कक्षाच्या नकाशावरून दिसेनाशी झाली होती, आणि त्यांची नाराजी आम्हाला रास्त वाटली. उभी गाडी सुरू न होणे हे त्यांना एकदाच भोगावे लागले होते. टॅबलेट काळा पडणे तीन रात्री भोगावे लागले.

यावर कटऑफचे दोन टप्पे केले: आधी लाईट बार आणि शोधदिवा तुटावा, टॅबलेट आणि वायरलेस सर्वांत शेवटी. जूनमध्ये सेवा केंद्राकडून एसी चालू असतानाची आयडल गती 800 वरून 950 करून घेतली. तप्त इंजिनावर 54 अँपिअर मिळू लागले आणि हिशेब पहिल्यांदाच जमेच्या बाजूला आला. डिझेलचा खप वाढला, तो लॉगबुकात दिसतो, आणि तो मान्य करण्यात आला. डिसेंबरच्या अधिवेशनात गाडी सलग दिवस-दिवस उभी राहिली तरी काही अडले नाही. वर्षभराने दोन्ही बॅटऱ्या तपासल्या तेव्हा त्या वापरण्याजोग्या होत्या. डीपीएफचा दिवा मात्र अधूनमधून लागतच असतो, कारण रिंग रोडची आठवड्याची फेरी बंदोबस्ताच्या दिवसांत हमखास चुकते.

वेगळे काय करता आले असते

आयडलचा बदल मेमध्येच करून घ्यायला हवा होता, असे मागे वळून पाहता वाटते. मोजणीत जमेला केवळ 3 अँपिअर उरत होते आणि ते 42 अंशांचे मोजमाप होते. नवतप्यात ते पुरणार नाहीत हे कागदावरच दिसत होते. निकाल पाहून ठरवू, या निर्णयामागे डिझेलच्या वाढीव खपाचे उत्तर कोणाला द्यायचे हा संकोच होता, आणि असा संकोच सरकारी गाडीच्या बाबतीत समजण्याजोगाही आहे.

कटऑफने आधी काय तोडायचे, हा प्रश्न कार्यशाळेत सोडवण्याचा नव्हताच. तो रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यांना विचारला असता तर टॅबलेट यादीच्या शेवटी पहिल्याच दिवशी गेला असता. चालकांना सूचनापत्रकावर सही घेऊन समजावण्याऐवजी हँडब्रेक ओढल्यावर हेडलाइट आपोआप मंदावतील असा रिले बसवणेही शक्य होते. तो पुढच्या गाडीत बसवला आहे.

आणि तास. इंजिन-तासांची नोंद गाडीच्या संगणकात पहिल्या दिवसापासून होती, पण लॉगबुकात तिच्यासाठी रकाना नव्हता. तो असता तर दुसरी बॅटरी मागवतानाच कोणाच्या तरी लक्षात आले असते.

पुढच्या खरेदीसाठी विभागाने आमच्याकडून तांत्रिक टिपण मागवले. त्यात अल्टरनेटर किती अँपिअरचा हवा असे आम्ही लिहिले नाही. इंजिन पूर्ण तापलेले, बाहेर 45 अंश, एसी चालू आणि गाडी उभी, अशा स्थितीत बॅटरीच्या टोकांशी 13.5 व्होल्टवर किमान 60 अँपिअर मिळाले पाहिजेत आणि फिटमेंट झाल्यावर ते ताबा घेण्याआधी मोजून दाखवले पाहिजेत, अशी अट घातली. एका पुरवठादाराने ही अट गाळण्याची विनंती केली आहे. त्यावरचा निर्णय अजून व्हायचा आहे.